न वाचलेली चिप

१

भिंगोबाचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नसे, आणि त्याचं त्यालाही काही वाटत नसे. कपाळावर सरकवून ठेवलेलं भिंग तो जेवतानाही काढायला विसरायचा. एकदा तर तसाच एका लग्नाला जाऊन सगळ्या फोटोंत आला. जिन्याखाली किल्ल्या बनवणाऱ्या काकांनी हे नाव पाडलं, आणि चिकटलं ते चिकटलंच.

जिना चढून गेलं की त्याची खोली. एक खिडकी, एक लांब टेबल, टेबलावर निळी रबरी चटई आणि जिकडेतिकडे पोट उघडून पडलेले लॅपटॉप. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच, असली यंत्रं लोक त्याच्याकडे आणत. मेलं का हो, असं विचारत. भिंगोबा प्रत्येकाला नव्याने समजावायचा, "मेलेलं नाही. विसरलंय. जाग आल्यावर पहिल्यांदा काय करायचं, एवढंच विसरलंय."

मदरबोर्डवर आठ पायांची एक चिप असते, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. यंत्र जागं होताना आधी तिलाच विचारतं, की मी कोण, माझा नंबर काय, माझे हातपाय कुठे आहेत. तिच्यातलं लिखाण बिघडलं की यंत्र पंखा फिरवत अंधारात बसून राहतं. भिंगोबा त्या चिपला चिमटा लावायचा, बिघडलेलं पुसायचा आणि चांगलं लिखाण पुन्हा भरायचा. काम बसून करायचं, पण काळजात धाकधूक ठेवून करायचं.

त्याच्या उस्तादांनी त्याला एकच नियम शिकवला होता: आधी वाच, मग पूस. आतलं लिखाण कितीही मोडकं असो, ते आधी दोनदा वाचून घ्यायचं, दोन्ही फाइली ताडून पाहायच्या, जुळल्या की जपून ठेवायच्या आणि मगच पुसायला हात लावायचा. कारण यंत्राचा स्वतःचा नंबर त्या मोडक्या लिखाणातच असतो. सतरा वर्षांत भिंगोबाने हा नियम मोडला नव्हता. मोडला तो एका मंगळवारी, भर दुपारी, हसता हसता.

त्या दुपारी एक बाई जिना चढून आल्या. चाळिशीच्या, शांत, कपाळावर केसांची एकच पांढरी बट. ती सारखी पुढे यायची आणि त्या सारखी ती कानामागे सारायच्या. पिशवीतून त्यांनी लॅपटॉप काढला. "यांचा आहे," त्या म्हणाल्या. "अपडेट चालू होतं आणि नेमके दिवे गेले. तेव्हापासून असाच. हे जमीन मोजणीच्या कामावर बाहेर गेलेत, गुरुवारी येतील. त्याच्या आत झाला तर बरं. त्यांना कळलं तर ओरडणार नाहीत, पण दोन दिवस गप्प बसतील. ते जास्त वाईट."

"तासाभरात होईल. बसा," भिंगोबा म्हणाला. त्याला हसू आलं, कारण अगदी याच बनावटीचा लॅपटॉप त्याच्या घरी होता. बायको त्यावर लांबच्या मुलांना गणित शिकवायची.

त्याने बोर्ड उघडा केला, बॅटरी सोडवली, चिमटा बसवला. तेवढ्यात फोन वाजला. फोनवर त्याची मुलगी होती. सहा वर्षांची, आणि तोंडाला खंड म्हणून नाही, म्हणून घरात तिला टकळी म्हणत.

"बाबा, माझा दात पडला. म्हणजे पडला नाही, मी पाडला. म्हणजे तो आधीच पडणार होता, पण मी त्याला विचारलं..."

"दाताला विचारलंस?"

"हो. तो म्हणाला, आता चालेल."

भिंगोबा खो खो हसला. उजव्या हातात माऊस होता. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन बटणं शेजारी शेजारी होती, एक वाचायचं आणि एक पुसायचं. टकळीचा दात, दाताची जागा, जागेत जाणारी जीभ, असं सगळं पुराण ऐकून त्याने फोन ठेवला तेव्हा पडद्यावर लिहून आलं होतं की पुसून झालं.

२

त्याने चिमटा पुन्हा दाबून बसवला. मग त्याने चिप वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी. लॅपटॉपच्या पाठीवरचं नंबराचं लेबल वापरून वापरून पार घासून गेलेलं. भिंगातून पाहिलं तरी एक आकडा लागेना.

बाई खिडकीशी बसून खालच्या रस्त्याकडे बघत होत्या. त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं, हे भिंगोबाला पुढे कितीतरी वेळा वाटलं. पण सतरा वर्षांचं नाव असतं माणसाचं. ते एका वाक्यात खाली ठेवणं जड जातं.

घरच्या लॅपटॉपची फाइल त्याच्याकडे होती. लग्नानंतर चारेक वर्षांनी तो बिघडला होता, तेव्हाची. तीच त्याने भरली. त्यातला नंबर तरी पुसायला हवा होता. पण नंबर कोरा ठेवला की यंत्र रोज उठताना कुरकुर करतं, आणि मग गिऱ्हाईक विचारायला येतं. एका नंबराची दोन यंत्रं एकमेकांसमोर यायची आहेत कशाला, असा विचार त्याने केला आणि बटण दाबलं.

पडदा उजळला. बनावटीचं चिन्ह आलं, आणि त्याच्या खाली, क्षणभर, एक ओळ: आधी जेव.

ही ओळ भिंगोबानेच लिहिली होती. बायको शिकवायला बसली की जेवण विसरायची, म्हणून मालकाचं नाव घालायच्या जागेत त्याने हे घालून ठेवलं होतं. रोज सकाळी लॅपटॉप उघडला की बायको ते वाचून "हो रे बाबा" म्हणायची. फाइलीबरोबर तीही ओळ आली होती.

बाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनीही ती वाचली होती.

"हे यांनी लिहिलंय?" त्या हळूच म्हणाल्या. "मी यांचा लॅपटॉप कधी उघडला नाही हो. तोंडाने एक शब्द बोलायचे नाहीत. आणि इथे..." त्यांनी बट कानामागे सारली. "आतलं सगळं पूर्वीचंच आहे ना?"

"पूर्वीचंच आहे," भिंगोबा म्हणाला.

३

संध्याकाळी तो नेहमीच्या वेळेला घरी पोचला. नेहमी दार उघडंच असायचं. आज लोटलेलं होतं. त्याने बेल वाजवली. बायकोने दार उघडलं, "या" म्हणाली आणि आत गेली.

पडला असेल शब्द तोंडातून, असं म्हणत त्याने चपला काढल्या. खुर्चीत बसला. बायको आतून आली ती ट्रे घेऊन. ट्रेमध्ये पाण्याचा एक ग्लास होता, पाहुण्यांसाठी वरच्या फळीवर ठेवलेल्या सहा ग्लासांपैकी एक.

बारा वर्षांच्या संसारात त्याने पाणी स्वतःच्या हाताने माठातून घेतलं होतं. मागितलं तर "हात मोडलेत का?" असं प्रेमाने ऐकलं होतं. आता समोर ट्रे होता.

"हे काय गं?" तो म्हणाला.

"पाणी," बायको म्हणाली, आणि सौजन्याने हसली. तेवढं हसू त्याला कधी मिळालं नव्हतं. ती भांडायची, लाडात यायची, रुसायची, पण अशी हसायची नाही.

मग आतल्या खोलीतून टकळी धावत आली, आ करून त्याला दाताची जागा दाखवली, आणि त्या गोंधळात बायको म्हणाली, "अरे, तू कधी आलास? चहा टाकू?" ट्रे टेबलावर तसाच होता. तिने तो बघितला आणि तिलाच नवल वाटलं. "हा ग्लास कुणी काढला?"

"तूच," तो म्हणाला.

"मला काय वेड लागलंय?"

दोघं हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर भिंगोबा हिशेबाला लागला. बायको दमलेली असते. दिवसभर त्याच त्या मुलांना तीच ती बेरीज शिकवून माणूस घरी आलेल्यालाही "या" म्हणायचा. हे पटण्यासारखं होतं. बुधवारी संध्याकाळी पुन्हा ट्रे आला तेव्हाही त्याने तेच स्वतःला पटवून पाहिलं. या वेळी तो ट्रे जायला, तिला ओळख पटायला, तासभर लागला. आणि त्या तासात टकळी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, एक अक्षर न बोलता.

४

गुरुवारी दुपारी तो त्या बाईंच्या घरी गेला. काम असं काही नव्हतं. चार्जिंग एकदा तपासायचं राहिलं, अशी थाप त्याने फोनवर मारली होती. मनातून त्याला तो नंबर पुसायचा होता. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. पण चिमटा, तार आणि नंबर नसलेली कोरी फाइल त्याने पिशवीत घेतलीच.

घर कालव्याच्या काठाला होतं, दुसऱ्या मजल्यावर. ऊन तिरपं येत होतं आणि पाण्यावरून उठून छतावर हलत होतं. सगळा जिना त्या हलत्या उजेडाने भरला होता. भिंगोबा चढत गेला, आणि सातव्या पायरीला त्याने पाय लांब टाकून आठवीवर ठेवला. का, ते त्याला कळेना. वर पोचल्यावर तो परत खाली उतरला आणि सातव्या पायरीवर हळूच पाय दिला. पायरी डगमगत होती.

बाईंनी दार उघडलं. "आलास?" त्या म्हणाल्या, आणि दचकून थांबल्या. "माफ करा हं. या ना. मला वाटलं, हे आले."

खोलीत अंधार होता म्हणून त्याने दिवा लावला. हात भिंतीवर गेला, कपाटाच्या मागे वळला आणि बटणावर पडला. बाई बघत राहिल्या. तोही आपल्या हाताकडे बघत राहिला. सगळ्या घरांत बटणं साधारण अशीच असतात, असं त्याने ठरवलं.

"तुम्ही एकट्याच?" त्याने विचारायचं म्हणून विचारलं.

"आम्ही दोघंच. मूलबाळ नाही." त्यांनी चहा आणला. बिनसाखरेचा, कप काठोकाठ भरलेला, बशी न घेता. तो चहा असाच प्यायचा. बायको सोडून हे कुणाला ठाऊक नव्हतं.

लॅपटॉप गॅलरीतल्या टेबलावर होता. "संध्याकाळी सहाला लावते," बाई सांगत होत्या. "यांचा निरोप आला असला तर बघायला. पण खरं सांगू? ती ओळ बघायला लावते. दोन शब्द वाचले की घरात कुणीतरी आहे असं वाटतं."

सहाला. भिंगोबा सहाच्या सुमारालाच घरी पोचायचा.

त्याने लॅपटॉप जवळ ओढला. चालू करायच्या बटणावर गुलाबी नेलपॉलिशचा एक ठिपका होता, कडेला किंचित फराटलेला. असाच ठिपका टकळीने आईच्या लॅपटॉपवर लावला होता, आईला बटण सापडावं म्हणून. मंगळवारी हा लॅपटॉप त्याच्या हाताखाली होता. मंगळवारी ठिपका नव्हता.

"हे तुम्ही लावलंत?"

बाईंनी वाकून पाहिलं. "नाही बाई. मी कुठे नेलपॉलिश लावते?" मग त्या एकदम लहान मुलीसारखा चेहरा करून म्हणाल्या, "पण छान दिसतंय ना? असू दे. पुसू नका."

भिंगोबाने पिशवी उघडली नाही. चहा तसाच टाकून तो निघाला. मागून बाईंचा आवाज आला, "लवकर ये हं." आणि पायऱ्या उतरताना त्याचा पाय सातवीवरून आपोआप पुढे गेला.

५

शुक्रवारी संध्याकाळी ट्रे गेलाच नाही.

बायको नीट बोलत होती. आपलं काम कसं चाललंय, गल्लीत पाणी कधी येतं, अशी चौकशी करत होती. जेवायला वाढताना तिने आग्रह केला. टकळी आईच्या मागून डोकावत होती.

"टकळे, ये की इकडे," तो म्हणाला. "दात बघू."

टकळीने आईकडे पाहिलं. आईने हसून मान हलवली. मग पोर पुढे आली, त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली आणि तोंड उघडून दाखवलं, डॉक्टरला दाखवतात तसं. भिंगोबाला रडू फुटलं. मायलेकींना मोठी पंचाईत झाली. घरी आलेला माणूस रडायला लागला की काय करायचं असतं?

त्याला बाहेरच्या खोलीत अंथरूण घालून दिलं. सकाळी तो निघाला तेव्हा बायको लॅपटॉप घेऊन दारात आली. "हा तुमचाच असेल ना? इथे उगाच पडलाय. आणि मी शिकवते तो..." ती अडखळली. कपाळाला आठ्या पडल्या, डोळे कुठेतरी लांब गेले. भिंगोबा एका नावाच्या, एका शिवीच्या आशेने उभा राहिला. पण बायकोने मान झटकली. "न्या तुम्ही. जपून जा."

६

खोलीच्या दाराशी एक उंच, किंचित वाकलेला माणूस वाट बघत उभा होता. बुटांना वाळलेला चिखल. बगलेत लॅपटॉप.

"मोजणीदार मी," तो म्हणाला. "आमच्या घरून मंगळवारी तुमच्याकडे हा दुरुस्तीला आला होता."

भिंगोबाने त्याला बसवलं. मोजणीदार खुर्चीच्या अगदी कडेला बसला. मग म्हणाला, "गुरुवारी रात्री घरी गेलो. बायकोने दार उघडलं. नीट बोलली. पाणी दिलं, ट्रेमधून. म्हणाली, बसा, हे येतीलच इतक्यात."

"हे म्हणजे कोण?"

"तेच मला बघायचं होतं. दोन तास बसलो. कुणी आलं नाही. ती सारखी गॅलरीत जाऊन वाट बघत होती. माझी वाट बघायची तशीच. शेवटी मी लॉजवर जाऊन झोपलो. काल पुन्हा गेलो, तर म्हणाली, तुम्ही जाताच आहात तर हा तेवढा दुरुस्तीवाल्यांकडे पोचवा, ते विसरून गेलेत." त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला. "मी तिच्याशी वीस वर्षांत धड बोललो नाही हो. माझ्या कामात बोलायला कुणी नसतं, सवय गेली. पण परवा येताना गाडीत मी ठरवलं होतं, आज बोलायचं. काय बोलायचं ते कागदावर लिहूनसुद्धा घेतलं होतं."

भिंगोबाला वर बघवेना.

"तुम्ही लोक जुनं वाचून ठेवता असं ऐकलंय," मोजणीदार म्हणाला. "माझं ठेवलंय ना?"

नाही म्हणायला एकच शब्द लागतो. भिंगोबाने तो शब्द जिभेपर्यंत आणलाही. पण समोरच्या माणसाचे डोळे पाहिले, आणि त्यापेक्षाही आपलं घर आठवलं. "आहे की," तो म्हणाला.

"मग तेच भरा. मी बसतो."

निळ्या चटईवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी आले. डावा घरचा, उजवा मोजणीदाराचा. भिंगोबाने मनाशी बेत केला: उजव्यातला आपला नंबर पुसायचा, तिथे कोरी फाइल भरायची, आणि आपलं घर आपल्याला परत मिळवायचं. मोजणीदाराचं काय, हा प्रश्न त्याने मनात येऊच दिला नाही. त्याने दोन्हींचे स्क्रू काढले, बोर्ड उघडे केले, आणि सवयीने दोन्ही चिपा वाचून फाइली ताडून पाहिल्या. पडद्यावर आलं, तंतोतंत. आयुष्यभर हा शब्द पाहून त्याला बरं वाटत आलं होतं.

"भिंगोबा, ए भिंगोबा!" खालून काकांची हाक आली. "तुझा डबा आलाय का रे? की आज उपास?"

तो खिडकीशी गेला. डबा आला नव्हता. कोण पाठवणार? "आज नको, काका," असं ओरडून तो वळला, आणि तिथेच उभा राहिला. दोन्ही लॅपटॉप पालथे होते. दोन्हींची लेबलं घासलेली. त्याने ते उलटे करून पाहिले. दोन्ही बटणांवर गुलाबी ठिपका, कडेला किंचित फराटलेला. दोन्हींच्या कोपऱ्याला तोच टवका. डावा डावीकडेच होता, की मघाशी उलटताना त्याने हलवला होता?

"तुम्ही बघत होतात ना," तो म्हणाला. "तुमचा कुठला?"

मोजणीदार उठून जवळ आला. वाकून दोन्हींकडे बघत राहिला. "मला दोन्ही माझेच वाटतायत," तो म्हणाला.

दुपार टळत आली होती. पंखे मंद फिरत होते. कुठल्या तरी यंत्रातून काहीतरी ऐकू येतंय असं भिंगोबाला वाटलं, आणि त्याने त्या दोन लॅपटॉपपैकी एकाला कान लावला. आत, खूप लांब, शेजारच्या घरातून यावा तसा आवाज होता. कप ठेवल्याचा. नळाचा. चपला घासत कुणीतरी दारापर्यंत गेलं, थांबलं, परत आलं. बाईमाणूस स्वतःशीच गुणगुणत होतं. वाट बघत होतं. ऐकता ऐकता भिंगोबाच्या छातीतली सगळी भीती उतरली. घर होतं ते. इतके दिवस घराला मुकलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही.

दुसऱ्याला कान लावायची त्याला छाती झाली नाही. त्या दुसऱ्याच्या चिपला त्याने चिमटा लावला आणि ती पुसून टाकली. मग त्यात कोरी फाइल भरली, झाकण बसवलं आणि तो लॅपटॉप मोजणीदाराच्या हातात दिला.

"पूर्वीचंच आहे ना?" मोजणीदाराने विचारलं.

"पूर्वीचंच आहे."

७

दोघं बरोबरच उतरले. काका दुकान आवरत होते. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि कुणाला हाक मारायची ते न कळून नुसतीच मान हलवली. कोपऱ्यावर मोजणीदार एका बाजूला वळला आणि तो दुसऱ्या.

अजून ऊन होतं. पाय आपले आपण चालत होते. जिना चढताना त्याने सातवी पायरी ओलांडली. ही पायरी एकदा दुरुस्त करायला हवी, असं त्याच्या रोज मनात यायचं आणि रोज राहून जायचं.

दार उघडंच होतं. "आलास?" बायको आतून म्हणाली. "किती उशीर! मी मेले वाट बघून. आणि ते कपाळावरचं काढ आधी." तिने जवळ येऊन त्याच्या कपाळावरचं भिंग काढून ठेवलं आणि स्वतःची पांढरी बट कानामागे सारली. त्याला इतकं बरं वाटलं की त्याने तिचा हात धरून ठेवला. ती लाजली. "आज काय झालंय तुला?"

"काही नाही. दमलोय."

त्याने स्वतःच्या हाताने पाणी घेतलं. तिने चहा दिला, काठोकाठ, बिनसाखरेचा. लॅपटॉप गॅलरीतल्या टेबलावर ठेवला. मग दोघं तिथेच बसले. कालव्यावरचा उजेड छतावर हलत होता. कुणी काही बोललं नाही तरी चालावं अशी ती संध्याकाळ होती. काहीतरी राहून गेलंय असं त्याला एकदा वाटलं, पण दिवसभराच्या कामानंतर तसं वाटतंच.

पुलावरून एक कुटुंब चाललं होतं. उंचसा, किंचित वाकलेला माणूस, बगलेत लॅपटॉप, त्याची बायको, आणि पाचसहा वर्षांची मुलगी. मुलीच्या तोंडाला खंड नव्हता. एवढ्या लांबूनही तिचे हात उडताना दिसत होते. आणि तो उंच माणूस थांबून, वाकून, तिला उत्तरं देत होता, भराभर, इतक्या दिवसांचं साठलेलं असल्यासारखा.

"केवढी बडबड करतेय बघ," तो कौतुकाने म्हणाला.

"लोकांच्या मुली," बायको म्हणाली. "चहा निवतोय."

पुलाच्या मध्यावर मुलगी थांबली. तिचं बोलणं थांबलं, हात थांबले. तिने वर गॅलरीकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. कुठल्याही मुलाला करावा तसा त्याने हात केला. तिने केला नाही. तिचं तोंड हळूहळू उघडलं. तिला काय दाखवायचं होतं, ते इतक्या लांबून दिसलं नाही. मग आईने हाक मारली. मुलगी मागे वळून वळून बघत त्यांच्या मागे गेली.

त्याने कप उचलला. चहा खरंच निवला होता.